स्पॅनिश लवकर शिकवायचं की रोज?

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांच्या माहितीपत्रकात 'किंडरगार्टनपासून (म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षापासून) स्पॅनिश' ही ओळ हल्ली बऱ्याचदा दिसते. पालक खूश होतात, कारण लहान मुलं भाषा चटकन उचलतात हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. वेळापत्रक उघडलं की कळतं, चित्रकला, संगीत आणि पीटीच्या रांगेत आठवड्यातून एक तासिका, तीही तीस मिनिटांची. शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं, म्हणजे ३६ आठवड्यांचं. वर्षाला झाले अठरा तास. किंडरगार्टन ते पाचवी अशी सहा वर्षं एकही तासिका न बुडता झाली, तरी १०८ तास. त्यातून बर्फाच्या सुट्ट्या, परीक्षांचे आठवडे आणि सोमवारच्या सुट्ट्या वजा करायच्या (ज्या वर्गाची तासिका सोमवारी, त्याचं नशीबच खोटं). अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशमध्ये कामापुरतं तयार करायला वर्गातले ६०० ते ७५० तास धरतं, आणि ही मोठी, निवडून घेतलेली, पगार घेऊन शिकणारी माणसं असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. शाळेकडे स्पॅनिशसाठी वेळ थोडा असेल, तर तो सगळ्या इयत्तांवर पातळ पसरू नये. थोड्या इयत्ता घ्याव्यात आणि त्यांना आठवड्यातून तीनदा तरी शिकवावं. अगदी लहान मुलांना शिकवायचंच असेल तर रोज शिकवावं, आणि दिवसाचा मोठा भाग त्या भाषेत घालवता आला तर उत्तमच. नुसतं 'लवकर' हे काही गुणाचं लक्षण नाही.

लहान मुलं भाषा पटकन शिकतात, हे अर्धंच खरं आहे. ज्या घरात, ज्या गल्लीत ती भाषा दिवसभर कानावर पडते तिथे शिकतात. तिथे त्यांना हजारो तास मिळालेले असतात. वर्गात मोजकेच तास मिळाले की चित्र उलटं होतं. बार्सिलोना विद्यापीठातल्या संशोधकांनी आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं सारख्याच तासांनंतर तपासली, तेव्हा उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. कारण उघड आहे. अकरा वर्षांच्या मुलाला नियम दिसतो, तो लिहून ठेवतो, स्वतःच्या भाषेशी ताडून पाहतो. सहा वर्षांच्या मुलाकडे ही हत्यारं नसतात. त्याच्याकडे असतो लवचीक कान, न लाजणारी जीभ आणि तेच वाक्य वीस वेळा म्हणण्याचा उत्साह. हे तिन्ही गुण वाया जाऊ द्यायचे नसतील तर भाषा वारंवार कानावर पडली पाहिजे. मंगळवारी शिकलेलं पुढच्या मंगळवारपर्यंत पुसलं जातं. शिक्षिकेच्या तीस मिनिटांतली बारा-पंधरा मिनिटं मागचं आठवून देण्यातच जातात. चौथीतली मुलं पुन्हा तेच रंग आणि तेच आकडे म्हणताना दिसतात ती यामुळेच.

इंग्लंडने याची किंमत एकदा मोजली आहे. तिथे १९६४ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. १९७४ च्या मूल्यमापनात दिसलं की सोळाव्या वर्षापर्यंत ऐकून समजण्यातला थोडा फायदा सोडला, तर या मुलांना फारसं काही जास्त मिळालेलं नव्हतं. प्रयोग गुंडाळला गेला. मात्र दोष सगळा लहान वयाचा नव्हता. माध्यमिक शाळेत गेल्यावर या मुलांना बऱ्याचदा नवशिक्यांबरोबरच बसवलं जाई, आणि फ्रेंच पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू होई. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये सात ते अकरा वयोगटाला परदेशी भाषा सक्तीची झाली आहे, आणि ही जुनी दुखणी पुन्हा डोकं वर काढत आहेत.

दुसऱ्या टोकाला इमर्शनच्या शाळा आहेत, म्हणजे जिथे नेहमीचे विषयच त्या दुसऱ्या भाषेत शिकवले जातात. १९६३ मध्ये मायामीतल्या कोरल वे शाळेत क्युबातून आलेल्या निर्वासितांची मुलं आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकत्र बसवली गेली. अर्धा दिवस स्पॅनिशमध्ये, अर्धा इंग्रजीत. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत केवळ इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं थेट स्पॅनिश वर्गात बसवून पाहिली गेली. आज दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत किंडरगार्टनला नव्वद टक्के वेळ स्पॅनिश असतं आणि दरवर्षी ते दहा टक्क्यांनी उतरत चौथी-पाचवीला निम्म्यावर येतं. दुसरीत पहिल्या दिवसापासून निम्मं-निम्मं. युटा राज्याने २००८ मध्ये कायदा करून ही दुसरी पद्धत राज्यभर नेली: शिक्षिका दोन, वर्ग दोन, आणि जेवणाच्या सुट्टीत मुलांची अदलाबदल. निम्म्या दिवसाचे तीन तास धरले तरी वर्षाला ५४० तास होतात. आठवड्याच्या तासिकेतून तेवढे तास व्हायला तीस वर्षं लागतील.

शाळा समित्यांच्या सभांमध्ये एक गोष्ट क्वचितच मांडली जाते. इमर्शनसाठी जादा शिक्षक लागत नाही. जी शिक्षिका एरवी गणित आणि विज्ञान इंग्रजीत शिकवणार होती, तिच्या जागी ते स्पॅनिशमध्ये शिकवणारी येते. पगार तोच. उलट आठवड्याच्या तासिकेसाठी नेमलेला शिक्षक हा वरचा खर्च असतो, आणि बजेट कापायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. तेव्हा 'आम्हाला इमर्शन परवडत नाही' हे उत्तर तितकंसं खरं नाही. परवडत नाहीत ती माणसं मिळवण्याची खटपट आणि मधल्या वर्षांतली धाकधूक.

माणसं मिळत नाहीत हे मात्र खरं. पाचवीचं विज्ञान स्पॅनिशमध्ये शिकवू शकेल आणि ज्याच्याकडे त्या राज्याचं शिक्षकाचं लायसन्सही असेल, असा माणूस शोधून सापडत नाही. म्हणून अनेक स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) स्पेनच्या शिक्षण मंत्रालयामार्फत शिक्षक आणतात. ते जे-१ या तात्पुरत्या व्हिसावर येतात, तीन वर्षं राहतात, मुदतवाढ मिळाली तर पाच. जेमतेम रुळले की परत जातात. धाकधूक असते ती दुसरी-तिसरीत. नव्वद टक्केवाल्या वर्गातलं मूल तोवर स्पॅनिश वाचायला लागलेलं असतं आणि इंग्रजी वाचनाच्या चाचणीत शेजारच्या मुलापेक्षा मागे दिसतं. घाबरून काढून घेतलेल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण तोटा पदरात पडतो आणि फायद्याच्या आधीच ते बाहेर पडतात. ओरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये इमर्शनच्या जागा लॉटरीने दिल्या जात, त्यामुळे चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना रास्त रीतीने करता आली. रँड या संशोधन संस्थेच्या त्या अभ्यासात इमर्शनची मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत सुमारे नऊ महिने पुढे होती. तिसरीतली गुणपत्रिका पाहून निर्णय घेणाऱ्या पालकांना हे आधी, प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवं.

इमर्शन म्हणजे सगळं छान, असंही नाही. चौथीच्या सुमारास मुलं शिक्षिकेशी स्पॅनिश बोलतात आणि एकमेकांत इंग्रजी. त्यांची समज उत्तम असते, पण बोलण्यात ठरावीक चुका घट्ट बसतात, कारण चुकीच्या वाक्यानेही काम भागतं. शिवाय जिथे अशी शाळा नावाजते तिथे घरांच्या किमती चढतात आणि जागा इंग्रजी बोलणाऱ्या सधन कुटुंबांकडे जातात. ज्या मुलांना घरची भाषा शाळेत मिळण्याची खरी गरज होती, ती बाहेर राहतात. चांगले डिस्ट्रिक्ट म्हणूनच निम्म्या किंवा निदान एक तृतीयांश जागा स्पॅनिशभाषक मुलांसाठी राखतात. कॅलिफोर्नियात तर १९९८ च्या जनमताने द्विभाषिक शिक्षणावर जवळजवळ बंदीच आणली होती. ती २०१६ च्या जनमताने उठली. मधल्या अठरा वर्षांत मुलांची एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली.

आता ज्या शाळेत इमर्शन शक्य नाही, एकच स्पॅनिश शिक्षिका आहे, तिचं काय? स्पॅनिश शिकवणाऱ्या बऱ्याच शाळा अशाच आहेत. समजा, सहा इयत्ता आणि प्रत्येकीच्या चार तुकड्या, म्हणजे २४ वर्ग. तीस मिनिटं प्रत्येकी, म्हणजे शिक्षिकेचे आठवड्याचे बारा तास शिकवण्यात जातात. वर्गात पंचवीस मुलं धरली तर सहाशे मुलं. नावंसुद्धा पाठ होत नाहीत. बहुधा तिला स्वतःची खोली नसते. सामान चाकाच्या गाडीवर घालून ती वर्गावर्गात फिरते आणि दर वेळी मांडामांड करण्यात पाच मिनिटं घालवते. हेच बारा तास तिसरी, चौथी, पाचवी एवढ्याच बारा वर्गांना द्या. वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. मुलाच्या वाट्याला वर्षाला ३६ तास येतात, आणि तीन वर्षांचे मिळून पुन्हा १०८. तास तेवढेच, पैसा तेवढाच. फरक एवढाच की सोमवारी शिकलेलं बुधवारी जिवंत असतं, आणि शिक्षिकेला सहाशेऐवजी तीनशे मुलं ओळखावी लागतात. अमेरिकेतली परदेशी भाषा शिक्षकांची राष्ट्रीय संघटना अॅक्टफल प्राथमिक शाळेतल्या प्रगतीचे टप्पे सांगते, तेव्हा आठवड्याला तीन ते पाच दिवस आणि दर वेळी तीस-चाळीस मिनिटं गृहीत धरते. आपली वीस मिनिटं त्याहून कमीच आहेत. दुसरी शिक्षिका मिळाली तर ती चाळीस करावीत. त्याच शिक्षिकेला किंडरगार्टनलाही पाठवण्याचा मोह टाळावा.

या मांडणीत पहिली-दुसरीच्या पालकांना काहीच मिळत नाही, अशी तक्रार येणार. ती रास्त आहे. पण पातळ ताक सगळ्यांना वाटून कुणाचंच पोट भरत नाही. अगदी धाकट्यांना शिकवायचंच असेल, तर रोज पंधरा मिनिटं, दोन इयत्तांना, आणि पुढे तिसरीत ते चालू राहील याची लेखी हमी. मधे खंड पडणार असेल तर सुरू न केलेलं बरं.

तासिका किती हा अर्धा प्रश्न झाला. उरलेला अर्धा त्या वीस मिनिटांत काय होतं हा. सगळ्यात जास्त वेळ खातात त्या याद्या: रंग, आकडे, प्राणी, महिने. शिक्षिका कार्ड दाखवते, मुलं एका सुरात ओरडतात, व्हिडिओ छान येतो. पण त्या यादीतून मुलाला बोलता काहीच येत नाही. वर त्यात एक खोच आहे. कार्डावर लाल रंगाला 'रोहो' म्हणून पाठ केलं की मूल पुढे 'ला मान्साना रोहो' म्हणतं. सफरचंद स्त्रीलिंगी, म्हणून 'रोहा' हवं. मराठीत 'काळा गाडी' ऐकून जसं कानाला खटकतं, तसंच. ही चूक मुलाची नव्हे, कार्डाची. रंग वस्तूला जोडूनच शिकवावा, आणि वस्तूही कधी एकटी शिकवू नये. 'मेसा' नाही, 'ला मेसा'. आधी नाम पाठ करून नंतर लिंग चिकटवायला गेलं की ते चिकटत नाही.

याद्यांच्या जागी तयार वाक्यं द्यावीत, तीही मुलाला वर्गात खरोखर लागणारी. 'मे तोका', आता माझी पाळी. 'से मे कायो', पडलं माझ्या हातून. 'ओत्रा वेस', पुन्हा एकदा. 'नो एन्तिएन्दो', कळलं नाही. 'पुएदो इर आल बान्यो', बाथरूमला जाऊ का. सहा वर्षांचं मूल 'मे तोका' हे एका खेळात दहा वेळा म्हणतं, कारण म्हटल्याशिवाय फासा हातात येत नाही. त्याला त्यातलं सर्वनाम आणि क्रियापद वेगळं काढून दाखवायची गरज नाही. ते काम चौथीनंतरचं.

एका धड्यात नवे शब्द पाच, फार तर सहा. वीस मिनिटांतली पहिली दोन नमस्कार-चमत्काराला, रोज त्याच क्रमाने, म्हणजे मुलं आपोआप त्या भाषेत शिरतात. मग चार-पाच मिनिटं जुन्याची उजळणी, पण हालचालीतून: ऊठ, दार उघड, निळी पिशवी अनाला दे. शरीराने आज्ञा पाळत शिकवण्याची ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडली, आणि लहान मुलांसाठी तिच्याइतकी भरवशाची पद्धत अजून दुसरी दिसत नाही. न बोलणारं मूलही यात पूर्ण सहभागी असतं. सुरुवातीचे कित्येक आठवडे काही मुलं फक्त ऐकतात. त्यांना उभं करून बोलायला लावलं की ती कायमची मिटतात. नंतर सात-आठ मिनिटं गोष्ट, ज्यात ते पाच शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि उरलेल्या वेळात तेच शब्द लागतील असा खेळ.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक वाक्यामागे इंग्रजी अर्थ सांगणं. मुलं हुशार असतात. दुसरं वाक्य इंग्रजीत येणार हे कळलं की पहिलं ऐकणंच सोडून देतात. अॅक्टफलची शिफारस नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त वेळ शिकवायच्या भाषेतच बोलण्याची आहे. ती पाळायची तर शिक्षिकेला चित्रं, खऱ्या वस्तू, हातवारे, आवाजाचा चढउतार या सगळ्याची तयारी करावी लागते. मूल 'मला माहीत आहे' या अर्थी चुकून 'यो साबो' म्हणालं, तर थांबवून दुरुस्त करण्यापेक्षा 'आ, यो तांबिएन लो से' (अच्छा, मलाही माहीत आहे) असं 'से' हे बरोबर रूप घालून उत्तर द्यावं. स्पेन-मेक्सिकोतली लहान मुलंही 'से'ऐवजी 'साबो' म्हणतात, जशी आपली मुलं 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतात. नियम कळल्याचीच ती खूण असते.

लिहिलेला शब्द कधी दाखवायचा, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझं मत आहे, पहिली-दुसरीत उशिरा. या वयात मुलं इंग्रजी वाचन शिकत असतात आणि अक्षरं तीच, उच्चार वेगळे. 'पान' म्हणजे पाव, पण लिहिलेला पाहिला की मूल 'पॅन' वाचतं. अकराला 'ओन्से' म्हणतात, मूल इंग्रजी 'वन्स' वाचतं. रसाचा 'हूगो' त्याच्या तोंडी 'जुगो' होतो. आधी कानाने पक्का झालेला शब्द नंतर वाचला तर उच्चार टिकतो, आधी वाचलेल्याचा उच्चार सुधारायला वर्ष जातं. वाचन सुरू केलं की मात्र स्पॅनिश शाळांची जुनी रीत उचलावी: मा मे मी मो मू, सा से सी सो सू. ही थेट बाराखडी आहे. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आणि प्रत्येकाचा आवाज जवळजवळ ठरलेला, त्यामुळे अक्षरांच्या जोड्या जमल्या की मूल काही आठवड्यांत नवा शब्दही वाचू लागतं. इंग्रजीत हे सुख नाही. जीभ थरथरवून काढायच्या 'र्र' साठी पहिलीच्या मुलाला घाम फोडू नये. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा फरक कानाला कळला की पुरे. स्पॅनिश घरातल्या मुलांनाही हा आवाज पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत साधत नाही.

संस्कृतीच्या नावाखाली जे चालतं, त्याबद्दल जरा कडक बोलायला हवं. कागदी सोंब्रेरो (रुंद काठाची मेक्सिकन टोपी), भिंतीवर निवडुंग, मे महिन्यात टाको. सिंको दे मायो हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन म्हणून सर्रास सांगितला जातो. तो नाही. ५ मे १८६२ ला प्वेब्ला इथे फ्रेंच सैन्याचा पराभव झाला, त्याचा तो दिवस, आणि मेक्सिकोपेक्षा अमेरिकेतच तो जास्त गाजतो. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. वीस स्वतंत्र देशांची अधिकृत भाषा असलेल्या, आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीतही चालणाऱ्या भाषेला एका टोपीत बसवायचं, हे शिकवणं नव्हे, सजावट झाली. साध्या बसला मेक्सिकोत 'कामिओन' म्हणतात, क्युबा आणि प्वेर्तो रिकोत 'ग्वाग्वा', अर्जेंटिनात 'कोलेक्तिवो'. एवढं दुसरीच्या मुलाला नकाशावर दाखवलं तरी टोपीपेक्षा खूप जास्त कळतं.

सणांपेक्षा रोजचा दिवस शिकवणं सोपंही असतं आणि खरंही. स्पेनमधलं मूल दुपारचं जेवण दोन-तीनच्या सुमारास आणि रात्रीचं नऊला घेतं. आपल्या वर्गातलं बाराला आणि सहाला. दोन घड्याळं काढली की वेळ सांगणं, जेवणाचे शब्द आणि दुसऱ्याच्या घराची कल्पना एकाच धड्यात येते. दोन आडनावांची पद्धतही अशीच. वडिलांचं एक, आईचं एक. मुलांना आपापलं नाव तसं लिहायला फार मजा वाटते. सण घ्यायचाच तर पूर्ण घ्यावा. ६ जानेवारीला मेक्सिकोत 'रोस्का दे रेयेस' हा कड्यासारखा गोड पाव कापतात. त्यात एक छोटी बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती सापडेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खाऊ घालायचे. वर्गात बाहुली घालू नये, घशात अडकण्याची भीती असते. पावाच्या जागी कागदी कडं आणि पाकिटात चित्र चालतं. महत्त्वाचं आहे ते फेब्रुवारीतलं देणं विसरू न देणं, कारण त्या सणाचा अर्धा अर्थ त्यातच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतला मृतांचा दिवस हॅलोविनचा भाऊ म्हणून रंगवू नये. तिथे घरच्या गेलेल्यांचे फोटो मांडतात, त्यांना आवडायचं ते ठेवतात, झेंडूच्या पाकळ्या पसरतात. मराठी घरातल्या मुलाला हे पितृपक्षावरून लगेच उमगेल. आणि दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडूही मुळात मेक्सिकोकडचा.

अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात. म्हणजे वर्गात अशी मुलं असतातच. त्यांना दोन प्रकारे दुखावलं जातं. एक तर 'तुझ्याकडे काय म्हणतात?' असं दर तासाला विचारून प्रदर्शनात मांडायचं, नाहीतर त्यांच्या घरचा शब्द पुस्तकात नाही म्हणून चूक ठरवायचा. ज्यांना घरी ऐकून कळतं पण बोलताना अडखळतं, त्यांना नातेवाईक 'नो साबो' म्हणून चिडवतात. शाळेने त्यात भर घालू नये. या मुलांना रंग आणि आकडे शिकवणं हे तर त्यांचा वेळ फुकट घालवणं आहे. त्यांना त्याच वीस मिनिटांत गोष्टीचं पुस्तक वाचायला, मग दोन वाक्यं लिहायला द्यावं. आणि ग्वातेमालाहून आलेलं प्रत्येक मूल स्पॅनिशभाषक असतंच असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळांमध्ये माम ही माया कुळातली भाषा बोलणारी मुलं बरीच आहेत. त्यांच्यासाठी स्पॅनिशही दुसरीच भाषा. प्रवेश अर्जावर देश पाहून भाषा ठरवणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं.

मराठी पालकांचा प्रश्न थोडा निराळा आहे. शाळेत स्पॅनिश, घरात मराठी, बाहेर इंग्रजी, मुलाचा गोंधळ तर नाही ना होणार? भाषांची सरमिसळ होते, पण तो गोंधळ नव्हे. मूल कुणाशी काय बोलायचं हे फार लवकर ओळखतं. खरा धोका वेगळा आहे. शाळेतल्या स्पॅनिशच्या सरावासाठी घरातली मराठी बाजूला सारली जाते. आई-बाबांनी अॅपवर शिकलेल्या मोडक्या स्पॅनिशचा मुलाला उपयोग नाही. 'आज काय खेळलात?' हे मराठीत विचारावं आणि त्याने मराठीत सांगावं. उलट मराठीमुळे काही गोष्टी सोप्या जातात. त, द, प, क हे आवाज आपल्याकडे जवळपास तसेच आहेत, नामांना लिंग असतं हे मुलाला ठाऊक असतं, तू आणि तुम्ही हा फरकही ठाऊक असतो. 'मे गुस्ता एल मांगो' हे 'मला आंबा आवडतो' याच्या घडणीचं वाक्य आहे, आणि आंबे अनेक झाले की 'आवडतात' होतं तसं तिथेही 'गुस्तान' होतं. इंग्रजी घरातलं मूल याच जागी वर्षभर 'यो गुस्तो' म्हणत राहतं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली चालणाऱ्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांनाही तासांचा तोच हिशोब लागू आहे. आठवड्यातून एकदाच्या वर्गाने मराठी येत नाही. घरात ती रोज बोलली गेली तर वर्ग तिला वाचायला-लिहायला शिकवतो.

महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्यावरून रान उठलं. २९ जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. वाद हिंदीचा होता, आणि तो अस्मितेचा होता हेही ठीकच. पण आठवड्याला किती मिनिटं, शिकवणारं कोण, पुढच्या इयत्तेत तिचं काय, हे तीन प्रश्न चर्चेत मागच्या बाकावरच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पॅनिशसह परदेशी भाषांना जागा दिली आहे ती माध्यमिक टप्प्यावर. तासांचा विचार केला तर ही जागा चुकीची वाटत नाही. पुण्या-मुंबईतल्या ज्या शाळा सीनियर केजीत स्पॅनिशचा वेगळा चार्ज लावतात, त्यांच्या पालकांनी आधी वेळापत्रक मागून घ्यावं.

अमेरिकेतल्या शाळांकडे परत यायचं तर शेवटची गळती सहावीत आहे. पाचवीपर्यंत केलेलं मिडल स्कूलच्या पहिल्या आठवड्यात 'ओला'पासून, म्हणजे नमस्कारापासून, पुन्हा सुरू होतं, कारण तिथल्या शिक्षिकेसमोर चार वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून आलेली मुलं बसलेली असतात. कुणाला कितपत येतं हे तिला माहीत नसतं. यावर उपाय महागडा नाही. मे महिन्यात प्राथमिक शाळेने प्रत्येक वर्गामागे एक पानाचा कागद पाठवावा. धडा कुठपर्यंत आला ते नको. मुलं काय करू शकतात ते लिहावं: स्वतःबद्दल सलग पाच वाक्यं बोलतात, साधी गोष्ट ऐकून क्रम सांगतात, छोटा परिच्छेद वाचतात. सप्टेंबरमध्ये प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं तोंडी बोलावं आणि त्यावरून दोन गट करावेत, नवशिक्यांचा एक आणि पुढच्यांचा एक. शंभर मुलांना साधारण सव्वाआठ तास लागतात, दोन शिक्षिकांत वाटले तर दोन आठवड्यांत उरकतात. एवढी सोय करायला जो डिस्ट्रिक्ट तयार नसेल, त्याच्या 'किंडरगार्टनपासून स्पॅनिश'वर पीटीएने (पालक-शिक्षक संघटनेने) निधी गोळा करू नये. तेच पैसे लायब्ररीत स्पॅनिश पुस्तकांवर खर्च केले, तर निदान घरी स्पॅनिश बोलणारी मुलं ती वाचतील.